हिरव्या पानाच्या वाट्या

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वाटी घासताना दिसलं. आत रंगवलेल्या हिरव्या पानाचा वरचा साधारण एक सेंटीमीटर चकाकतो आहे, त्याखालचा भाग मंद पडलाय — काचेवर श्वास सोडावा तसा. मधली रेघ अगदी सरळ. म्हणजे मुळा आणि पर्सिमन फळाच्या कोशिंबिरीतलं व्हिनेगर जिथवर उभं होतं, तिथवर. बाबांनी कालची उरलेली कोशिंबीर वाटीतच झाकून ठेवली होती.

दोनदा घासली. चकाकी परत आली नाही.

वाटी आमच्याच भट्टीतल्या एप्रिलच्या भाजणीतली. शेजारची, आई असतानाची, बारा वर्षं रोज वापरात आहे. ती आरशासारखी.

रात्री जेवायला भात, भाजलेला मासा, मिसोचं सूप. बाबांना काही बोलले नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

२५ ऑक्टोबर

तीन वाट्या पिशवीतून नेल्या — आईच्या वेळची, एप्रिलची, सप्टेंबरची. चार टक्के ॲसेटिक आम्ल, काठोकाठ, चोवीस तास अंधारात. एकतीस भट्ट्यांचा माल मी असाच तपासते. भट्टीवाल्यांच्या संघाच्या तपासणी-खोलीत पाच वर्षं झाली. आमच्या घरच्या हिरव्या रंगाची तपासणी जुनी आहे. मिश्रण बदललं नाही तर पुन्हा तपासावं लागत नाही, असा नियम आहे. मिश्रण बदललेलं नाही.

चिठ्ठीवर भट्टीचं नाव लिहिलं नाही. अ, ब, क.

२६ ऑक्टोबर

शिसं. मर्यादा लिटरला दोन मिलिग्रॅम.

आईच्या वेळची: ०.१ पेक्षा कमी.
एप्रिलची: ७.४.
सप्टेंबरची: ६.९.

पुन्हा मोजलं. ७.३ आणि ६.९.

वसंतातल्या बाजारात एप्रिलच्या बासष्ट वाट्या विकल्या. सप्टेंबरच्या एकशे चाळीस घरात आहेत, येत्या शनिवारच्या बाजारासाठी. बासष्ट लोक त्यांत काय वाढत असतील? आंबटच. ती वाटी आंबटासाठीच आहे. हातात मावेल एवढी, थोडी खोल. बाबा विकताना स्वतः सांगतात — काकडी वाढा, व्हिनेगरात हिरवं पान खुलतं.

जेवताना मी काकडी पांढऱ्या वाटीत वाढली.

"आज पान नाही?" बाबा म्हणाले.

"कड उडाली होती."

त्यांनी पांढऱ्या वाटीतली काकडी संपवली. मी खोटं फार कमी बोलते, त्यामुळे ते पकडता येत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

हारुए आत्या सकाळीच माल बांधायला आली. बाबांची धाकटी बहीण. तीस वर्षं बाजारात आमच्या टेबलामागे तीच उभी राहते. वर्तमानपत्रात वाट्या गुंडाळता गुंडाळता तिची टकळी चालू. शेजारच्या भट्टीवाल्यांनी यंदा मातीची मांजरं बनवलीत म्हणे, भांडी नाहीतच. मला म्हणाली, तुझ्या आईनं नवरा वाटी बघून निवडला, तू काय बघून निवडणार — ताप? आणि स्वतःच हसली.

पुलाजवळची जागा आमची आहे. आजोबांपासून. आत्या म्हणते त्या जागेवर दगड मांडले तरी विकतील.

दुपारी दोघं टेबलाच्या फळ्या पोचवायला गेली तेव्हा मी रिकामी विजेची भट्टी लावली. वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर तापाचे शंकू ठेवले — ठरावीक तापाला वाकतात ते. बाबा परतले तेव्हा भट्टी चालू होती. मी म्हटलं, मापक तपासतेय. ते दारात थोडा वेळ उभे राहिले. दारामागच्या लोखंडी सळईकडे बघितलं आणि हात धुवायला गेले.

२८ ऑक्टोबर

भट्टी उघडली. मापकावर आठशे होतं. वरच्या फळीचे शंकू बरोबर वाकलेत. मधले अर्धवट. खालचे ताठ उभे. खाली जेमतेम साडेसातशे.

तापमापकाची तार मार्चमध्ये मी बदलली. जुनी मधे होती. मी नवी वरच्या बाजूला, तापणाऱ्या वेटोळ्यापासून चार सेंटीमीटरवर बसवली. तिथे भोक आधीच होतं. नवं पाडायचा कंटाळा नव्हता, मला ते अचूक वाटलं होतं. मापक बरोबर सांगत होतं — फक्त स्वतःपुरतं. हिरव्या वाट्या खालच्या दोन फळ्यांवर असतात. रंग वितळल्यासारखा दिसला, पण पुरता बसला नाही. न बसलेल्या रंगातून शिसं उतरतं. हे मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवते.

तरी हे होऊ शकलं नसतं. बाबा प्रत्येक भाजणीत फळीवर छोट्या कड्या ठेवायचे, त्याच हिरव्या रंगात बुडवलेल्या. शेवटच्या तासात सळईनं एकेक बाहेर ओढायची, पाण्यात टाकायची, उजेडात धरायची. आलुबुखाराच्या ओल्या सालीसारखी दिसली की भट्टी बंद. खालच्या फळीवरची कडी नेहमी सगळ्यात शेवटी.

मार्चमध्ये मी म्हटलं होतं, बाबा, मापक एक अंशापर्यंत सांगतं. दर वेळी झाकण उघडून ताप घालवायचा कशाला? ते म्हणाले, बरं. सळई दारामागे ठेवली. भट्टीच्या वहीत मी पेन्सिलीनं लिहिलं — आम्ही सगळे तिथे पेन्सिलच वापरतो, ओल्या हातांनी शाई पसरते — "कड्या काढल्या नाहीत. गरज नाही, मापक पुरेसं. — शिहो." सही करायची गरज नव्हती. केली. पुढच्या दोन्ही भाजण्यांनाही तीच ओळ.

२९ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

३० ऑक्टोबर

सांगितलं. अर्धं.

नाश्त्याला भात आणि उमेबोशी. बाबांनी ते खारवलेलं आंबट फळ हिरव्या वाटीत घेतलं आणि मी ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तशी. मग आकडे सांगितले. एप्रिल, सप्टेंबर, मर्यादा. शेवटी त्यांनी विचारलं,

"किती लोकांकडे गेल्यात?"

"बासष्ट."

"नागाहामाबाईंकडे चाळीस."

नागाहामाबाई स्टेशनाजवळ दुपारच्या जेवणाची खानावळ चालवतात. मी बासष्ट हा आकडा धरून बसले होते. त्यांतल्या चाळीस एकाच ठिकाणी, रोज, वेगवेगळ्या माणसांपुढे जातात हे माझ्या गणितात नव्हतं.

मग ते वाटी उलटीसुलटी बघत म्हणाले, "हात चुकला असेल माझा. वय झालं. रंग पातळ लागला असेल."

इथे मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, क्रियापदासकट. मी सूप गरम करायला उठले.

३१ ऑक्टोबर

बाबा स्वतः संघाच्या अध्यक्षांकडे गेले होते. संध्याकाळी अध्यक्ष मुनाकाता आमच्याकडे आले, चहा घेतला, खाकरले. आवाज चढवला नाही. म्हणाले, त्या वाट्या आणू नका, बस. पाटीबिटी लावू नका. एका टेबलावर शिसं लिहिलं की गिऱ्हाईक एकतीस टेबलांवर तेच वाचतं.

बाबा म्हणाले पाटी लावणार. लोक रोज जेवताहेत त्यांतून.

मुनाकातांनी मान हलवली. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तर मग संघाला कारण हवं, तोकुजी. आठ तारखेच्या बैठकीत भट्टीची वही आणा. एकतीस भट्ट्यांच्या मालावर तुमच्या मुलीची सही असते. तिच्या घरात हे कसं झालं, लोक विचारणारच."

माझ्याकडे बघितलं नाही. बाबांनी बघितलं, एकदाच.

सप्टेंबरच्या एकशे चाळीस वाट्या आत्यानं परत सोडवल्या. पुन्हा भाजता येतील, पण भाजणी, थंड होणं, तपासणी — बाजारापर्यंत वेळ नाही. वर्तमानपत्रं सरळ करून तिनं पुन्हा रचून ठेवली, एकही टोमणा न मारता. त्याची मला जास्त भीती वाटली.

२ नोव्हेंबर, शनिवार. बाजाराचा पहिला दिवस

टेबलावर पांढऱ्या वाट्या, चहाचे पेले, जेवणाच्या काड्या टेकवायच्या मातीच्या चिमण्या. मधोमध मोठी मोकळी जागा. तिथे बाबांच्या अक्षरात पाटी —

"एप्रिलपासून विकलेल्या हिरव्या पानाच्या वाट्यांतून शिसं उतरतं. त्यांत जेवू नका. परत आणून द्या, पैसे घेऊन जा. चूक माझी. — कुसाबा तोकुजी."

आत्या पाटीकडे बघून म्हणाली, "दादा, दुकान मांडलंस की सुतक?" मग तिनंच पाटी वाऱ्यानं पडू नये म्हणून मागे वीट लावली.

लोक यायचे, वाचायचे, हातातली पांढरी वाटीसुद्धा हळूच खाली ठेवायचे. पुलापलीकडच्या टेबलावरून मांजरं विकली जात होती.

दुपारी आत्यानं भाताचे गोळे काढले. बाबांनी एक खाल्ला, दुसरा उघडून बघितला. उमेबोशी कुठाय, विचारलं. आत्या म्हणाली, दोन दिवस आंबट नाव काढू नकोस माझ्यासमोर. बाबा हसले. मीही हसले असेन, कारण आत्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

तीनच्या सुमारास नागाहामाबाई आल्या. फळांच्या लाकडी खोक्यात अडतीस वाट्या, प्रत्येकीत घडी केलेलं फडकं. दोन फुटल्या, म्हणाल्या.

बाबा टेबलाच्या पुढे येऊन वाकले. कमरेपासून, खूप खाली. वर यायलाच तयार नव्हते. लोक थांबून बघत होते. बाई म्हणाल्या, "उठा हो. तुमच्या वाटीत वाढलेली काकडी गिऱ्हाईक आधी बघायचं, मग खायचं. तेवढंच वाईट वाटतंय." एक म्हातारे रोज येतात, तेच पान असलेली वाटी मागतात, त्यांना काय सांगू असं विचारलं. दवाखान्यात रक्त तपासा म्हणून सांगा, मी म्हटलं. कुठे, काय, किती वाजता, हे मी कागदावर लिहून दिलं. हे मला येतं.

कागद घेताना त्यांनी मला नीट बघितलं.

"तू तपासतेस ना सगळ्यांचं?"

"हो."

"मग बापाची चूक तुलाच सापडली. अवघड आहे, पोरी."

मी पावतीपुस्तक बंद केलं. बाबा अजून झुकलेलेच होते. त्यांच्या मानेवर पांढऱ्या मातीचा वाळलेला ठिपका होता.

३ नोव्हेंबर

आणखी नऊ परत आल्या. पांढरे चार पेले विकले.

आत्याच्या घरी जेवलो. टोफू, पालेभाजी, भात. बाबांनी दोनदा भात घेतला. बरेच दिवसांनी.

४ नोव्हेंबर. बाजार संपला

एकूण एकोणपन्नास परत आल्या. दोन फुटलेल्या धरून एकावन्न. अकरा कुठे आहेत माहीत नाही.

टेबल आवरताना मुनाकाता आले. पाटी उचलून स्वतः गाडीत ठेवली. एवढंच म्हणाले, वही विसरू नका.

५ नोव्हेंबर

माझं आणि बाबांचं रक्त तपासून आलं. दोघांचंही मर्यादेत. नागाहामाबाईंच्या म्हाताऱ्यांचंही — त्यांनी फोन करून कळवलं. मी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले. किती वेळ, मोजलं नाही.

बाहेर आले तर बाबांनी दारामागची सळई काढली होती. गंज घासत होते. मला म्हणाले, कड्या बनवून ठेव, वीसेक. तारेचं विचारलं नाही. मी आपण होऊन म्हटलं, तार मधे बसवते. ते म्हणाले, बरं. मार्चमध्ये म्हणाले होते तसंच.

त्यांना माहीत आहे का? रिकामी भट्टी, तीन फळ्यांवरचे शंकू — ते काही आंधळे नाहीत.

माझ्या डब्यातलं खोडरबर त्यांनी नेलं, परत ठेवलं नाही.

६ नोव्हेंबर

परवा बैठकीत बोलायचं वाक्य लिहून काढलं. सहा वेळा. सहाव्यात "माझ्याकडून" ऐवजी "आमच्याकडून" लिहिलं गेलं होतं. फाडून टाकलं.

नोकरी जाईल. ते कळतं. एकतीस भट्ट्यांचे मालक मला लहानपणापासून ओळखतात. पुढच्या वेळी माझी सही बघून ते माल दुसऱ्या गावी पाठवतील. तेही बरोबरच असेल.

बाबांनी आज काकडी केली. पांढऱ्या वाटीत. मीठ कमी होतं. सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर, सकाळ

उद्यासाठी वही काढली. माझी ओळ बघायची होती. फाडायची नव्हती — निदान मी तसं ठरवून गेले नव्हते.

मार्चची भाजणी, तीत हिरव्या वाट्या नव्हत्या. ओळ बाबांच्या अक्षरात आहे — "कड्या काढल्या नाहीत. गरज वाटली नाही. — तोकुजी." एप्रिलला तेच. सप्टेंबरला तेच. खोडरबराचा चुरा अजून पानावर होता.

वही खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. मी दाबून लिहिते. खाली माझी अक्षरं जशीच्या तशी उमटलेली दिसतात, सहीसकट.

बाबा बाहेर मातीत पाणी घालत होते. मी पेन घेतलं, शाईचं, आणि त्या खुणांवरून हळूहळू फिरवलं. तिन्ही ठिकाणी.