मुंगीला पैकीच्या पैकी

ता. ६ जानेवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं जाडजूड पाकीट महिन्यापूर्वीच मिळालं. आरोग्य खात्यात बसून मसुदे लिहायचे तू आणि ते माणसाला कळतात का हे सांगायचं मी, ही आपली वाटणी लहानपणापासूनची. तेव्हा वक्तृत्व स्पर्धेचं भाषण माझ्यापुढे म्हणायचीस आणि मी झोपले की भाषण पडलं असं ठरायचं. या वेळी झोपले नाही. दोन वर्षांच्या मुलांच्या तपासणीचे तुझे प्रश्न अगदी स्वच्छ आहेत. हाक मारली की मूल बघतं का, दिवा कुठे म्हटलं की बोट दाखवतं का, टाटा करतं का. फक्त ती ‘अनुकरणात्मक क्रीडा’ काढून टाक. आमच्या घरच्या चष्मेवाल्यांना वाटलं, सरकार आता दोन वर्षांच्या पोरांना मैदानावर पळवणार.

आता खरी बातमी. आपल्या मुंगीची तपासणी परवा झाली आणि माझ्या लेकीला पैकीच्या पैकी! श्रेय सासूबाईंचं. सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेलेल्या बाईच्या हाती प्रश्नपत्रिका आधीच पडली, तर दुसरं काय होणार? रोज सकाळी दूध झालं की सराव. दिवा कुठे, पंखा कुठे, टाटा कर. सुरुवातीला मुंगी ढिम्म. मग सासूबाई तिचं बोट धरून दिव्याकडे न्यायला लागल्या. नेत राहिल्या, नेत राहिल्या, शेवटी ते बोट आपलं आपण जायला लागलं. दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं तसं पोरीनं सगळं करून दाखवलं. बाहेर येताना सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होतास. त्यांचा विद्यार्थी बोर्डात आला होता ना!

बोलणं अजून फारसं नाही. चष्म्याच्या दुकानात हे गिऱ्हाइकाला विचारतात ते ‘आता स्पष्ट दिसतंय का’ मात्र तिनं उचललंय. भूक लागली तरी तेच म्हणते, झोप आली तरी तेच. सासूबाई म्हणतात, तिचा बापही उशिरा बोलला. तो अजूनही गरजेपुरतंच बोलतो, हे मी मनात म्हणते.

तब्येतीला जप. लोभ आहेच, पण तो कधीतरी मसुद्याशिवायही पाठवावास.

तुझी,
धाकटी


ता. १५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना आधी हसले आणि मग हसू आटलं. तुला माझा राग येणार आहे. येऊ दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

अगं, ते कागद मी भाषा तपासायला पाठवले होते. ती परीक्षा नाही. ऑटिझम, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, तो असलेली मुलं लवकर ओळखू यावीत म्हणून ते प्रश्न आहेत. या मुलांची माणसांत मिसळण्याची, बोलण्याची, जग बघण्याची तऱ्हा वेगळी असते. ती कुणाच्या चुकीनं येत नाही. आईच्या नाही, आजीच्या नाही, दुधाच्या नाही आणि मोबाइलच्याही नाही. पण लवकर कळलं तर त्यांच्या तऱ्हेनं त्यांना शिकवता येतं, बोलायला दुसऱ्या वाटा देता येतात, आणि मुलाची आणि घराची, दोघांचीही ओढाताण पुष्कळ कमी होते. म्हणून मूल शिकवल्यावर बोट दाखवतं का, याला अर्थ नाही. आपणहून दाखवतं का, ते बघायचं असतं.

मी मुंगीला तपासलेलं नाही आणि मी डॉक्टरही नाही. तेव्हा निकाल देत नाही, फक्त विचारते. आकाशात काही दिसलं, तर तू बघावंस म्हणून ती तुला ओढते का? एखादी वस्तू नुसती दाखवायला आणते का? काही हवं असलं की काय करते? खात्यातल्या बाईला उत्तर देऊ नकोस, आक्काला दे.

सासूबाईंना बोल लावू नकोस. त्यांनी नातीसाठी जीव ओतला आहे. त्यांना आणि तुझ्या चष्मेवाल्यांना नमस्कार, मुंगीला पापा.

रागातही लोभ सोडू नये, एवढं मागणं.

तुझी,
आक्का


ता. २९ जानेवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी खरंच रागावले होते. तुझं बरं आहे, म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायच्या. पोरीला मागे सणकून ताप आला तेव्हा तू नव्हतीस, आणि आता पत्रातून शंका पाठवतेस. पत्र यांच्यापुढे टाकलं. यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

मग जेवताना आपणहून बोलले. म्हणाले, दुकानात काही ड्रायव्हर येतात, त्यांना भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं पाठ असतात. लायसन्स जाईल म्हणून बिचारे बाहेर बाकावर बसून घोकतात आणि खुर्चीत बसल्यावर धडाधडा म्हणतात. म्हणून मी आत दुसरी पाटी ठेवली आहे. डोळा कसा आहे ते मला बघायचंय, पाठांतर नाही. आणि मग म्हणाले की आपण मुंगीकडून पाटी पाठ करून घेतली. सासूबाई ताटावरून उठल्या. त्या दिवसापासून सराव बंद आहे आणि त्या विषयावर घरात त्या एक शब्द बोलत नाहीत.

आता आक्काला उत्तर. नाही, ती मला काही दाखवत नाही. शेजारचं पोर विमान आलं की आईचा पदर ओढून ओढून तिला बेजार करतं. मुंगीला काही हवं असलं की ती माझं मनगट धरते आणि माझा हात कपाटाच्या कडीवर नेऊन ठेवते. माझ्या तोंडाकडे बघत नाही. हाताला काम सांगते, मला नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि आता आलं तर आलं.

काल पुन्हा दवाखान्यात गेले. नर्सबाई भल्या आहेत, पण नियम असा की जे मूल पास झालं त्याला पुन्हा बोलवायचं नाही. पुढची तपासणी थेट शाळेत नाव घालताना, सहाव्या वर्षी. आणि तपासणीत काही निघाल्याचा कागद नसेल तर अशा मुलांना शिकवणाऱ्या ताईंकडे जागा नाही, सरकारी बालवाडीत मदतनीस नाही. ती चार वर्षं फुकट जाणार, आक्का. नियम तुझ्या खात्याचा आहे. मोडता येतो का बघ.

तुझ्यावरचा लोभ जागेवर आहे. राग निघून गेला.

तुझी,
धाकटी


ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मोडणार नाही. मी मोडला तर तो फक्त मुंगीपुरता मोडेल, आणि दुसऱ्या कुणाची मुंगी सहा वर्षांची होईपर्यंत बसून राहील. पण बदलता येईल. धोरण अजून मसुद्यातच आहे. सध्या काही दवाखान्यांत नुसतं चालवून बघताहेत. शेवटची बैठक मार्चमध्ये आहे.

तो नियम माझ्याच हातचा आहे. दवाखान्यात उगाच गर्दी नको म्हणून घातला होता. परवा समितीत म्हटलं, मला तो पुन्हा चर्चेला घ्यायचाय आणि माझ्या भाचीला तो लागू होतो हेही सांगून टाकते. अध्यक्ष सरळ माणूस आहेत. म्हणाले, मग या विषयापुरतं तुम्हाला बाहेर बसावं लागेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण त्यांचं बरोबर आहे. मी फाइल उचलली आणि बाहेर आले.

आता मला तिथे तोंड नाही. तुला आहे. महिनाअखेरपर्यंत कोणीही हरकती आणि सूचना पाठवू शकतं. कोणीही म्हणजे तूसुद्धा. काय लिहायचं हे मी सांगणार नाही, एक काना-मात्रा सुधारणार नाही. शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे आणि शाबासकी तू घ्यायचीस. हा मात्र तुझा तुलाच लिहायचाय. तुला जमेल. ज्या पोरीनं भाजीवाल्याला अर्धा तास उन्हात उभं करून वजनाचा काटा बदलायला लावला, तिला सचिवांची काय भीती?

मुंगीला आणि तुला, दोघींना माझा लोभ. या वेळी थोडा जास्त तुला.

तुझी,
आक्का


ता. २२ फेब्रुवारी

प्रति,
मा. सचिव, आरोग्य खाते

विषय : लहान मुलांच्या तपासणीच्या मसुद्यावर हरकत

महोदय,
सविनय नमस्कार.

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. आपल्या तपासणीत ती पास झाली आणि मी तिच्या पास होण्यावर हरकत घेत आहे. अशी हरकत आपल्याकडे पहिलीच असेल.

प्रश्न आमच्या घरात आधी आले आणि आम्ही ते तिच्याकडून करून घेतले. आम्ही वाईट माणसं नाही. प्रश्न दिसला की सराव करायचा, अशी आम्हाला सवय आहे. अशी घरं पुष्कळ असतील. काही घरी आजी शिकवील, काही घरी आई घाबरून हो म्हणेल, आणि एखादं मूल त्या दिवशी नर्सबाईंच्या हातातला खुळखुळा आवडला म्हणून हसेल. या सगळ्यांना आपला नियम सहाव्या वर्षापर्यंत दार लावून घेतो.

माझे यजमान चष्मे करतात. आपल्याला दिसत नाही असं माणसानं सांगितलं, की ते त्याला पुन्हा खुर्चीत बसवतात. मागच्या वेळी तुम्ही पास होता, असं म्हणून परत पाठवत नाहीत. माझी मागणी तेवढीच आहे. आईबापांना शंका असली, तर ती शंका हेच कारण समजून मुलाला पुन्हा तपासावं.

दुसरी मागणी. तपासणीत कळलं, तर त्याच वर्षी बालवाडीत मदतनीस मिळावी. नुसतं कळून आईनं काय करायचं?

तिसरं, आपल्या दवाखान्यातल्या भिंतीवर या विषयाचं चित्र आहे. त्यात एक मूल कोपऱ्यात तोंड लपवून बसलंय. माझी मुलगी कोपऱ्यात बसत नाही. नळाची धार बघून ती खदखदून हसते. ते चित्र बघून कुठली आई म्हणेल की हे माझं मूल असू शकेल? चित्र बदलावं.

आपल्या खात्यातल्या एक अधिकारी माझ्या सख्ख्या बहीण आहेत. त्यांनी या पत्राला हात लावलेला नाही, हे यातल्या चुकांवरून दिसेलच.

आपली,
चष्म्याच्या दुकानावर राहणारी एक आई


ता. २० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बैठक झाली. तुझा विषय निघाला तेव्हा मी व्हरांड्यातल्या बाकावर होते. आत काय झालं ते आमच्या टंकलेखक बाईंनी नंतर सांगितलं, तेव्हा ऐकीव आहे हे धरून चाल.

तुझं पत्र अध्यक्षांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. चुकांच्या वाक्याला सगळे हसले. मग तिजोरीवाले गृहस्थ म्हणाले की शंका कुठल्या आईला नसते, उद्या अख्खं गाव रांगेत उभं राहील. यावर आपल्या बाजूनं कोण बोललं असेल? मेंदूवर संशोधन करणारे डॉक्टर! सगळा पैसा मशिनांत घालू नका म्हणून ज्यांच्याशी मी वर्षभर समितीत भांडले, तेच. म्हणाले, माझ्याकडे येणाऱ्या घरांत कोणाला ना कोणाला आधीपासून शंका असते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं, मीही नाही. या वर्षी एक मशीन कमी घेतो, तेवढ्या पैशांत नर्सबाई वाढवा. मी त्यांना मनातल्या मनात जी नावं ठेवली होती, ती सगळी परत घेतली.

नियम बदलला. ‘आईबापांना’च्या पुढे अध्यक्षांनी स्वतः भर घातली की घरात मुलाला सांभाळणाऱ्या कोणाही व्यक्तीला शंका असली तरी चालेल. चित्रही उतरवणार आहेत. मदतनिसाचं मात्र पुढच्या वर्षी बघू म्हणाले. दरवेळी इथेच घोडं पेंड खातं. पण त्या विषयात माझं भाचीचं नातं आड येत असलं तरी तुझं येत नाही. पुढच्या हरकतीचा कागद काढून ठेव, आणि शेजारच्या दोन-चार आयांनाही लिहायला बसव.

एप्रिलपासून अंमल. तू पहिल्याच आठवड्यात जा.

लोभ तर आहेच, त्यात आता थोडा अभिमान मिसळून पाठवते.

तुझी,
आक्का


ता. ४ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर मांडीवर कागद आहे असं समज. मुंगी आत आहे.

सकाळी मी तिला बूट घालत होते तर सासूबाई तयार होऊन दारात उभ्या. शाळेत जायची पर्स, इस्त्रीचे कपडे, सगळं. एवढंच म्हणाल्या की बसमध्ये पोरीला धरायला दोन माणसं बरी. वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, झालं, या तिथे भांडणार. आमच्या पोरीला काही झालेलं नाही, म्हणणार. मी मनाशी ठरवलं की त्या काही म्हणोत, मी हटायचं नाही.

नर्सबाई त्याच. त्यांनी जुना कागद काढला आणि म्हणाल्या, हिला तर पैकीच्या पैकी आहेत. मग नवा नियम आठवून त्यांनी विचारलं की शंका कोणाला आहे, तसं लिहावं लागतं. आक्का, सचिवांना पत्र लिहिणारी मी, आणि ऐन वेळी मुंगीच्या बुटाचा बंद पुन्हा बांधत बसले. ते वाक्य मुंगीच्या देखत बोलणं निराळं असतं.

तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या. वर्गात हजेरी घेताना उठत असतील तशा. म्हणाल्या, मला आहे, मी तिची आजी, लिहा. नर्सबाईंनी लिहिलं आणि विचारलं की कधीपासून आहे. मला वाटलं त्या जेवणाच्या ताटावरचा दिवस सांगतील. सासूबाई अगदी स्पष्ट म्हणाल्या, सराव सुरू करायच्या आधीपासून.

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी अजून तशाच बसलो आहोत, म्हणून एका हातानं लिहितेय.

तुझा लोभ आता दोघींना अर्धा अर्धा वाटून द्यावा.

तुझी,
धाकटी