आबांची गिटार

मस्कत, जून २००१

चि. सोनमला, रागावलेल्या दादाचे आशीर्वाद.

मी बरा हाय, जेवण चांगलं मिळतं. आईचा गुडघा कसा हाय?

पण तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. दौंडच्या बँडवाल्याकडून गिटार सुरात लावून आणायला तुला सांगितलं कुणी? ती बिघडली नव्हती! बोटानं तार न दाबता, नुसता हात फिरवला तरी सूर जुळावा, म्हणून मीच तारा तशा लावून आलो होतो. प्रेस मशीनमध्ये आबांच्या डाव्या हाताची बोटं गेली, ते विसरलीस व्हय?

वर लिहितीस, गिटार नीट झाली तरी आबा हात लावत न्हाईत. अगं, एकदा हात फिरवून बघितला असंल, अन् बेसूर वाजली असंल. त्यांना वाटत असंल, आता उजवा हातपण गेला.

तुझा दादा,
शंभू