तीन वाजताचा पाहुणा

१० डिसेंबर १९७२, मुंबई बंदर

आज जहाजावर चढलो. नाव 'लेडी ऑगस्टा'. लांबून असं दिसतं की हिंगोलीच्या अख्ख्या पेठेला चुना मारून पाण्यात उभी केली. हिरासिंग म्हणला होता, मान वर करून बघू नको, खेड्यातला वाटशील. मी बघितलंच. हिरासिंग नांदेडचा. चार वर्षांपासून या जहाजावर आहे, प्लेटा धुणाऱ्यांचा मुकादम. त्यानंच मला इथं लावून दिलं. आमच्या खोलीत एकावर एक दोन पलंग. वरचा माझा. दिवा लावला की लागतो, नळ सोडला की गरम पाणी येतं.

ही वही फोर्टात घेतली. मी पाचवीपर्यंत शिकलो. मग हिंगोलीत लाकडाच्या अड्ड्यावर, नांदेडला हॉटेलात, मुंबईत इराण्याकडं. वर्षभर कुठं टिकलो न्हाई. आता पळून जायला जागाच न्हाई, चारी बाजूंनी पाणी, असं हिरासिंग हसून म्हणला.

साखऱ्याला घरी आई अन् भागू, माझी बहीण. दोन साल झाले पाऊस न्हाई. दोघी तलावाच्या कामावर खडी फोडतात, रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकर खातात. फेब्रुवारीत परत मुंबईला लागलो की सरळ घरी. आईला दोन टाइम पोटभर मिळावं, येवढ्यासाठी मी या पाण्यावर आलो. दुसरं काही न्हाई.

१४ डिसेंबर

काम समजून राहिलं. मला तीन टेबलं दिली, पाणी अन् ब्रेड द्यायचा, प्लेटा मांडायच्या अन् उचलायच्या. मोठा वेटर गोव्याचा, बुटावर धूळ दिसली तर कान लाल करतो. त्याचे कायदे असे. डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं. काटा अन् सुरी ताटात जवळजवळ ठेवली म्हणजे साहेबाचं जेवण झालं. वेगवेगळी असली तर हात लावायचा न्हाई, दोन तास बसू दे की चार. गिऱ्हाइकानं मागायच्या आधी त्याला काय पाहिजे ते आणायचं. अन् न्हाई हा शब्द तोंडातून काढायचाच न्हाई. नसलेली चीज मागितली तरी हसून म्हणायचं, बघतो साहेब.

बारा नंबरच्या टेबलावर एक म्हातारी मॅडम असते. तिला अंडं बराबर तीन मिनिटं उकडलेलं लागतं. चमच्यानं फोडते, बघते अन् परत पाठवते. काल चार वेळा पाठवलं. हिरासिंग म्हणला, चौथ्यांदा पहिलंच अंडं नेऊन ठेव. मी तसंच केलं, तर म्हणली आता कसं बराबर झालं. आमी दोघं पोट धरून हसलो.

माशाचा एक घास घेऊन प्लेट सरकवणारे कितीतरी. सगळं टोपल्यानं समुद्रात जातं. पहिल्या दिवशी मी एक ब्रेड खिशात घातला होता. मग घरी कसा पाठवणार ते कळलं न्हाई, म्हणून तोही टाकला.

१९ डिसेंबर

मला हे काम आवडून राहिलं, खरं सांगतो. गावात पंगत बसायची तेव्हा आमचं पान निराळं, उकिरड्याच्या अंगाला. वाढणारा उभ्यानं वरून टाकायचा. इथं गोरे लोक माझ्या हातचं खातात अन् थँक यू म्हणतात. बाप असता तर त्याला सांगितलं असतं. बापानं छप्पन साली घरातले देव ओढ्यात सोडले, मी तेव्हा पाच वर्षांचा. तेव्हापासून आमच्या घरात देवही न्हाई अन् भूतही न्हाई.

दुपारचं जेवण अडीचला उठतं. तीन वाजता मोठा हॉल रिकामा असतो, तेव्हा आमाला जेवायची परवानगी आहे. बाकीचे खाली जातात. मी खिडकीजवळ बसतो. समोर लांबच लांब काच, काचेपलीकडं डेक अन् ऊन.

२२ डिसेंबर

आज एक गंमत झाली. तीन वाजता जेवायला बसलो तर काचेबाहेर एक माणूस उभा. अनवाणी, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला फडकं. मला वाटलं इंजिनातला कोणी खलाशी वर आला, आता मोठा वेटर याला झोडपतो. तो माझ्या ताटाकडं बघत होता.

आपल्याकडं कसं, कोणी जेवताना दिसलं अन् आपण समोरून गेलो की जेवणारा म्हणतो, या जेवायला. अन् आपण म्हणतो, होऊ द्या, होऊ द्या. कोणी येऊन बसत न्हाई. म्हणायची रीत. वरच्या आळीतले आमाला असं कधी म्हणले न्हाईत, त्यामुळं आमच्या वस्तीत तर दारावरून कुत्रं गेलं तरी म्हणतात. माझ्याही तोंडातून तसंच निघालं. हात हलवून म्हणलो, "या जेवायला."

तो होऊ द्या म्हणला न्हाई. दार उघडल्याचं मी बघितलं न्हाई. बघतो तर समोरची खुर्ची मागं ओढलेली अन् तो तिच्यावर बसलेला. म्हणला, "आजवर मला कोणी म्हणलं न्हाई. बसतो."

बोलणं आपल्याच मुलखातलं. मला येवढा आनंद झाला. दुसरी प्लेट आणून वाढलं. त्यानं खाली मान घालून खाल्लं. मी विचारलं, कोण्या गावचे, कोणाचे? त्यानं ग्लास पुढं सरकवला. मी पाणी आणायला गेलो अन् आलो तर खुर्ची रिकामी.

प्लेट भरलेलीच होती. जशी वाढली तशी.

२४ डिसेंबर

काल अन् आज, दोन्ही दिवशी आला. तीनला. हिरासिंगला विचारलं, इंजिनात आपल्याकडचा कोणी आहे काय? तो म्हणला, इंजिनात सगळे बंगाली. मग म्हणला, तू दोन प्लेटा मांडून कोणासाठी बसतो, लग्न ठरलं काय तुझं? मी म्हणलो, पाहुणा येतो. तो टेबलाजवळ आला. मग त्या दुसऱ्या प्लेटीतला बटाटा उचलून तोंडात टाकला अन् लगेच थुंकला. कापूस चावल्यासारखं लागतं म्हणला.

मी माझ्या प्लेटीतला खाऊन बघितला. तोही तसाच.

२७ डिसेंबर

नाताळला केक, टर्की, बर्फाचा हंस, काय काय होतं. मला कशालाच चव लागली न्हाई. खातो, पोट भरत न्हाई. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

पाहुण्याचा चेहरा आठवायला बसलो तर आठवत न्हाई. हात आठवतात. खडी फोडणाऱ्याचे हात, नखं पांढरी. रोज बसला की ओठ पुसतो, मग सुरू करतो. काटा-सुरी कधी जवळजवळ ठेवत न्हाई.

३० डिसेंबर

बारा नंबरच्या मॅडमनं आज सूप परत पाठवलं. मग मासा. मग ब्रेड. रागावली न्हाई, घाबरल्यासारखी झाली. म्हणली, माझ्या जिभेला काय झालं? मग माझ्या दुसऱ्या टेबलाचे लोक तेच म्हणले. बाजूच्या वेटर पोराच्या टेबलाला तीच वाटी, तेच सूप, ते मिटक्या मारून राहिले. माझ्या हातून जे जातं त्याची चव जाते.

मोठ्या वेटरनं खोलीत बोलावलं. आणखी एक तक्रार आली तर पुढच्या बंदरावर उतरवून देतो म्हणला. घरी कसं जायचं ते तुझं तू बघ.

२ जानेवारी १९७३

एकतीस तारखेला तीनला हॉलमध्ये गेलोच न्हाई. खाली खलाश्यांत जेवलो. तो बाकावर माझ्या शेजारी होता.

मग दोन दिवस उपाशी राहिलो. तर आज तो दुपारच्या पंगतीत आला, सगळे साहेब लोक बसलेले असताना. बारा नंबरच्या मॅडमच्या खुर्चीमागं उभा राहून माझ्याकडं बघत राहिला. मॅडमनं शाल ओढून घेतली. मी ट्रे टाकून पळालो.

हिरासिंगला सगळं सांगितलं. तो हसला न्हाई. म्हणला, ज्यानं बोलावलं त्यानंच उठवायचं, दुसऱ्या कोणाच्यानं ते होणार न्हाई.

६ जानेवारी

उठवलं.

जसं झालं तसं लिहितो. तीनला गेलो, बसलो न्हाई. हात जोडून म्हणलो, आता बस करा, मला तकलीफ होऊन राहिली, माझी नौकरी जाईल. त्यानं खाता खाता मान वर केली. "काहून उठवून राहिलास? तूच म्हणला." रागानं न्हाई. लेकरू म्हणतं तसं म्हणला.

मला लाज वाटली. पंगतीतून उठवणं काय असतं ते मी बघितलेलं आहे. अन् त्या लाजेत बोलून गेलो. म्हणलो, इथं काय आहे बाबा, हे गोऱ्याचं मिळमिळीत खाणं. आपली भाकर इथं मिळत न्हाई. माझ्या घरी जा. माझी आई दारातून कोणाला उपाशी जाऊ देत न्हाई. त्यानं विचारलं, कुठं? मी सांगितलं. नांदेडवरून वारंगा फाटा, मग हिंगोली, मग साखरा. सोजराबाई म्हणून विचारा, सोनाजीनं पाठवलं म्हणून सांगा.

त्यानं काटा-सुरी जवळजवळ ठेवली. धोतराला हात पुसले अन् उठला.

मनात म्हणलो, जाणार कसा? मधात येवढा समुद्र आहे.

९ जानेवारी

चव आली. आज तीन प्लेटा भात खाल्ला. मॅडमनं सुपाची वाटी पुसून खाल्ली अन् मला दहा शिलिंग दिले. मोठा वेटर पाठीवर थाप मारून गेला. हिरासिंगनं विचारलं, कसा उठवला? मी म्हणलो, उठला बाबा. पुढं सांगितलं न्हाई.

१७ जानेवारी

सगळं चांगलं आहे. तीनला काचेकडं पाठ करून बसतो.

२९ जानेवारी, डर्बन

बंदरात भागूचं पत्र मिळालं. चौदा तारखेचं. चार वेळा वाचलं.

ती लिहिते की तू पाठवलेला पाहुणा आला, असं आई म्हणते. आठ तारखेपासून रोज दुपारी कामावरून येऊन आई दोन ताटल्या घेते. आपली भाकर मोडून अर्धी त्याच्यापुढं ठेवते. मला तर तिथं कोणी दिसत न्हाई दादा. मी म्हणलं, आई, कोणाला वाढून राहिलीस, तर मला रागावली. सोनानं पाठवलेला माणूस आहे, त्याला उठ कसं म्हणू, म्हणते. परवापासून पूर्णच भाकर त्याला देते. कारण तिला चव लागत न्हाई म्हणते. दादा, बाप गेल्यावरही तिनं फोडल्या न्हाईत त्या बांगड्या कोपरापर्यंत चढून राहिल्या. तू लवकर ये.

शेवटी लिहिलं आहे, दादा तो कोण आहे?

३० जानेवारी

बिनतारीवाल्या साहेबाच्या पाया पडलो. तार केली. हिरासिंगनं एकाकडून इंग्रजीत लिहून घेतली. पाहुण्याला जेवण देऊ नका. साहेब हसला. हिंगोलीहून साखऱ्याला तार पायी जाते. कधी पोचेल?

अन् पोचली तरी आई ऐकणार न्हाई. मला माहीत आहे. म्हणूनच तर तिच्याकडं पाठवला मी. हे आज लिहितो. तेव्हा पण माहीत होतं.

२ फेब्रुवारी

त्याला परत बोलावून राहिलो. तीन दिवस झाले. तीनला दोन प्लेटा मांडतो, काचेकडं तोंड करून बसतो. या म्हणतो. मोठ्यानं म्हणतो. माझं खा, माझ्या टेबलाचं खा, सगळ्या जहाजाचं खा. कोणी येत न्हाई. डेकवर ऊन.

हिरासिंग दारात उभा राहून रडत होता. मी बघितलं न्हाई असं केलं.

५ फेब्रुवारी

मुंबई नऊ दिवस.

चव चांगली लागते. प्रत्येक घासाला. तेच वाईट आहे.

८ फेब्रुवारी

तारेचं उत्तर न्हाई.

मॅडम विचारून गेली, बरं न्हाई काय. न्हाई म्हणायचं नसतं. बघतो म्हणलो.

९ फेब्रुवारी

तीन वाजले. वही इथं टेबलावर घेऊन बसलो. तो आला. काचेबाहेर उभा आहे. अंगानं भरला. मला वाटलं, सुटली आई, आला इकडं —

आत येत न्हाई. बाजूला सरकून राहिला. मागच्याला वाट करून देतो तसा.

मागं कोणीतरी —

पदर डोक्यावर. हातात काही न्हाई. हात काचेला लावला. बांगड्या घसरून खांद्याकडं —

आई.

उन्हात तिची सावली न्हाई. माझ्याकडं बघत न्हाई. ताटाकडं बघते. तिला भूक लागली. आईला भूक लागली अन् माझ्यापुढं भात, मटण, लोणी, सगळं —

हिरासिंग ओरडून राहिला, तोंड उघडू नको. दोन्ही हातांनी माझं तोंड दाबून राहिला. मी लिहून राहिलो. तोंड दाबलं तर हातानं लिहून बोलावता येतं —

म्हणलो न्हाई तर ती तिथंच उभी. बोलावलं तर बसेल, अन् मग कधी उठणार न्हाई —

तिनं ओठ पुसले. आई, मी