आता तुम्ही म्हणून दाखवा

खासगी बाजार, लष्कर,
ग्वाल्हेर

प्रिय दुर्गे,

रविवारी फोनवर तू दोन वाक्यं बोललीस आणि तिसरं गिळलंस. मंडप पडल्याच्या चौकशीत दिलेल्या निवेदनातली एक ओळ येत्या सोमवारपर्यंत काढायची, नाहीतर विलीन झालेल्या केंद्राच्या नव्या पदांत तुझं नाव नसेल, असं तुला सुचवण्यात आलंय. एवढं सांगून लगेच विचारलंस, "आत्या, आंबे आले का गं बाजारात?" आले आहेत. महाग आणि आंबट, म्हणजे आपल्या घराण्याला शोभतील असेच. ती तुझी ओळ मी वाचली आहे. कशी, ते सांगीन. पण माझ्या चालीने.

ग्वाल्हेरच्या उपग्रह हवामान केंद्रात तू नवी लागलीस, तेव्हा शालिनीताईंनी तुला ढगांच्या चित्रांआधी टेलिफोन शिकवला म्हणून काय चिडली होतीस! एम.एस्सी. झालेल्या मुलीला फोन कसा करायचा ते शिकवतात म्हणे. त्यांचा नियम एकच होता. इशारा नुसता सांगितला म्हणजे दिला नव्हे. ऐकणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवला, की दिला. "अब आप बोलिए," म्हणत त्या रिसीव्हर धरून बसायच्या. समोर मोठा साहेब असो की मंडपवाला, सगळ्यांकडून पाढ्यासारखं वदवून घ्यायच्या. तू ते खूळ घरीही आणलंस. आजोबांपुढे कधी न वाकलेला आमचा जगदेवदादा, तुझा बाप, पिशवी हातात धरून दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "अर्धा लिटर, गाईचं, कालच्या दुकानातून नाही." मी पदर तोंडाला लावून हसायचे. दूध मात्र बरोबर यायचं.

मग तुमचं विलीनीकरण झालं. ग्वाल्हेरचं केंद्र भोपाळच्या केंद्रात गेलं, तू भोपाळला गेलीस, शालिनीताई रिटायर झाल्या. समारंभाचे फोटो तू पाठवलेस: केक, फीत, नवं बोधचिन्ह, आणि टाळ्या वाजवणारे दोन्हीकडचे लोक, व्याह्यांसारखे एकमेकांकडे न बघणारे. खुर्च्यांची वाटणी झाली, पाट्या बदलल्या. टेलिफोन कोण करणार, हे मात्र कुणी ठरवलं नाही. भोपाळवाल्यांची पद्धत आधुनिक: एक बटण दाबलं की हजार ठिकाणी इशारा जातो आणि पडद्यावर हिरवी खूण उमटते. त्यांना वाटलं, फोनचं ते गावठी काम ग्वाल्हेरवाले करतच असतील. ग्वाल्हेरवाल्यांना वाटलं, आता सगळं भोपाळहून होतं. वर साहेबांचा आदेश निघाला, की फोन म्हणजे दुहेरी काम, ते बंद करा. एका घरात दोन सुना आल्या की डाळीत मीठ एक तर दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. तुमच्याकडे पडलंच नाही.

सुधाताईंच्या मुलीच्या लग्नात, मुरारपलीकडच्या त्या मैदानात, मी हातात ताट घेऊन उभी होते. पश्चिमेकडचं आभाळ पिवळं झालं, तेव्हा लोक म्हणाले, वा, जरा हवा सुटली. ती आंधी होती. कनात पतंगासारखी उडाली, लोखंडी पाइप आडवे झाले. मंदाताईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं, त्या अजून कंपू भागातल्या दवाखान्यात आहेत. स्वयंपाक्याचा हात भाजला. जीव कुणाचा गेला नाही, एवढीच देवाची कृपा. आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मंडपवाल्या कान्होजीला नेलं. इशारा वेळेत गेला होता, मंडपवाल्याने दुर्लक्ष केलं, असं वरून कळवलं गेलं होतं. जामिनावर सुटून तो आपल्या ओट्यावर येऊन बसला. पानही खाल्लं नाही त्याने. म्हणाला, "ताई, मला कुणी खबरच नाही दिली. आधी शालिनीबाई फोन करायच्या, माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या. एकदा तर मी वैतागून म्हटलं, बाई, मी काय पहिलीत आहे का? पण खबर मिळायची, मी कनाती उतरवून ठेवायचो. या वेळी फोनच नाही आला, तर मी समजलो आभाळ साफ आहे." त्याचा नंबर तुमच्या नव्या यादीत चढलाच नव्हता, हे त्याला कुठून कळणार? पडद्यावर मात्र हिरवी खूण होती.

दादाला वाटतं, तू ओळ काढावीस. त्याचा राग धरू नकोस. त्याला सरकारी नोकरी कुलदैवतासारखी वाटते, वर्षातून एकदा नाक घासलं की झालं. परवा जेवताना तो म्हणाला, "एका ओळीने काय होतं?" मी म्हटलं, दादा, त्या एका ओळीवाचून कान्होजी तुरुंगात जातो. त्यानंतर त्याने भाजी वाढून घेतली नाही. मी पंचवीस वर्षं शाळेत हिंदी शिकवली, पोरांच्या निबंधांतून तांबडी शाई फिरवली. तुझ्या निवेदनात मला एका शब्दालाही हात लावावासा वाटला नाही. 'इशारा आम्ही पाठवला, पण तो कुणी ऐकला का, हे आम्ही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.' ते शेवटचं वाक्य, दुर्गे! आदेश साहेबांचा होता. त्याच्या आड तू सहज उभी राहू शकत होतीस. चित्रात तो ढग सगळ्यांत आधी तूच पाहिला होतास, इशाराही तूच लिहिला होतास; शाबासकी घेऊन गप्प बसता आलं असतं. तू स्वतःला त्या ओळीत आणून उभं केलंस. घरात मी ती मोठ्याने वाचली. दादा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता.

आता ऐक, ती मला वाचायला कशी मिळाली. गुरुवारी तुझे तेच साहेब, संचालक मानसिंगराव, आपल्याकडे आले होते. त्यांची बायको आणि मी गणपतीत एकत्र आरत्या म्हणतो, एवढ्या ओळखीवर. दोन वाट्या चिवडा संपवला, तुझी तोंडभर स्तुती केली आणि मग खिशातून तुझ्या निवेदनाची प्रत काढली. "ताई, मुलगी हुशार आहे, पण हट्टी आहे. तुमचं ऐकते. तुम्ही एक पत्र लिहा तिला, प्रेमाने समजवा." तुझ्या ओळीच्या जागी काय हवंय, तेही त्यांनी लिहूनच आणलं होतं: 'संक्रमणकालीन समन्वय-अंतराल'. मी विचारलं, याचा अर्थ काय? ते म्हणाले, "अर्थ विशेष नाही." मी त्यांना शब्द दिला, की पत्र लगेच लिहीन आणि माझं म्हणणं स्पष्ट सांगीन. ते खूश होऊन गेले. तेच हे पत्र. माझं म्हणणं असं: ओळ आहे तशी राहू दे. पद गेलं तर इथे ये; मागची खोली झाडून घेते आहे, आणि पुढच्या सुनावणीला कान्होजीच्या बाजूने साक्षीदार लागणारच आहेत, मंडपात उभी असलेली एक आहे, तू दुसरी. आणि निवेदनावर पुन्हा सही करायला लावलीच, तर ती कोंबडीने पाय ओढल्यासारखी करू नकोस. पूर्ण नाव लिही, दुर्गा जगदेवराव फाळके, सुवाच्य. दादाने मुद्दाम सांगितलंय, मधलं नाव गाळू नये.

तुझ्या नावाने सध्या बाजारभर मान ताठ करून फिरणारी,
तुझीच,
लीलाआत्या