गुंज आणि ग्रेन

रविवार, ८ जानेवारी १९८९. देवपूर, धुळे

पेन्शनीत नवी काडतुसं परवडत नाहीत, म्हणून यांनी रायफलची रिकामी पितळी काडतुसं घरीच भरायचं मनावर घेतलंय. एक जुनं हातयंत्र आणि इंग्रजी पुस्तक मिळवलं, तराजू ओळखीच्या सोनाराकडून आणला. आज संध्याकाळी पहिलं माप. पुस्तकात काडतुसातल्या दारूचं वजन ग्रेनमध्ये, आणि हे पारड्यात गुंजा टाकत होते! सोनाराच्या लाल गुंजा, एकेक मोजून.

"अहो, गुंज म्हणजे ग्रेन नव्हे."

"बठ्ठं तुलेच समजस, मडमसाहेब!" सगळं म्हणे मलाच कळतं! चिडले की हे अहिराणीवर येतात.

मी बाबांच्या दवाखान्यातली ग्रेनच्या वजनांची डबी काढली. लहानपणी त्यांना पावडरी मीच तोलून द्यायची. एका पारड्यात गुंज ठेवली, दुसऱ्यात एक ग्रेन. गुंजेचं पारडं टपकन खाली. दुसरा ग्रेन टाकला तेव्हा कुठे जवळपास बरोबरी. म्हणजे दारू जवळजवळ दुप्पट पडली असती. आणि रायफल यांच्या गालाशी...

यांनी दारू डब्यात परत ओतली आणि तराजू माझ्यापुढे सरकवला.

"तूच तोलत जा. माझा हात हल्ली कापतो."

किती दिवस पाहतेय मी, बशीत चहा सांडतो ते. यांना कळू नये म्हणून कप अर्धाच भरते. आज स्वतःहून म्हणाले. रागवायचं राहूनच गेलं.