कोरिन ऐकू यावी म्हणून

कॉर्लिस, नेब्रास्का
९ ऑक्टोबर १९९७

प्रिय हार्लनदादा,
स. न. वि. वि.

ऑक्सिजनची नळी टोचते म्हणून तू ती काढून ठेवतोस, हे वहिनीने मला वेगळ्या चिठ्ठीत कळवलं आहे. तेव्हा माझ्यापाशी साळसूदपणा नको.

आज कामासाठी लिहिते आहे. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मी हातात मावणारा स्कॅनर घेतला, रेल्वेवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा. पण नुसती खरखर येते. त्याच्या डोक्यावर वीतभर रबरी अँटेना आहे, तो कुचकामी असावा. स्कॉट्सब्लफच्या दुकानात मला आणखी तीन प्रकार दाखवले: ओढून लांब करायची चकचकीत काडी, एक काळा लवचीक दीड फुटाचा, आणि एक आवाज वाढवणारा, बॅटरीवाला. दुकानदार म्हणाला, बाई, एवढा विचार कशाला, छपरावर मोठा लावून टाका. मी तशीच घरी आले.

छपरावर मला काही लावता येत नाही, दादा. समोर ओपल राहते. वर्नन गेला त्याला अजून तीन महिनेही झाले नाहीत. तिने विचारलं की हे काय लावलंस, तर काय सांगू? की तुझा नवरा ज्या गाडीखाली गेला ती चालवणाऱ्या माझ्या पोरीचा आवाज ऐकायचाय मला?

कोरिन जुलैपासून घरी आलेली नाही. फोन उचलत नाही. चौकशीत तिचा काही दोष निघाला नाही. सकाळचं ऊन वर्ननच्या डोळ्यांवर होतं, त्याने फाटकापाशी मोटार थांबवलीच नाही, असं कागदावर लिहिलंय. आठ दिवसांत ती पुन्हा इंजिनावर चढली. बहुधा मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास तिची गाडी इथून जाते. सिग्नल दिसला की चालक तो रेडिओवर पुकारतात, हे तूच कधीतरी सांगितलं होतंस. तेवढं ऐकलं तरी मला पुरे.

बेचाळीस वर्षं तू रेल्वेचे सिग्नल सांभाळलेस. यातला कुठला घेऊ ते लवकर कळव. बहिणीवर माया आहेच, ती लिहीत बसू नकोस.

तुझी
लिओटा

——

गेल्सबर्ग, इलिनॉय
१५ ऑक्टोबर १९९७

चि. लिओटास,
अनेक आशीर्वाद.

नळी लावूनच लिहितो आहे. तुझी वहिनी समोर उभी आहे.

बॅटरीवाला नको. तो आवाजाबरोबर खरखरही वाढवतो. चकचकीत काडी ऐकायला चांगली, पण तुझा धांदरटपणा मी लहानपणापासून पाहिलाय. कोपर लागलं की ती यंत्राचं तोंडच उखडून टाकेल. तो काळा, लवचीक घे. तो रेल्वेच्या लहरींच्या मापानेच कापलेला असतो. अँटेनाचं चपलेसारखं आहे, मापाचा असला तरच उपयोग. तुझा रबरी तुकडा सगळ्यांच्या पायात घालायला केलेला, म्हणून कुणालाच धड होत नाही.

स्कॅनर उभा ठेव. फ्रिजपासून लांब, रुळांकडच्या खिडकीत, जमेल तितका उंच. अँटेनाच्या बुडाशी दीड फूट तार शेपटीसारखी लोंबती सोड, आणखी साफ ऐकू येईल. ओपलला बाहेरून शेपूटही दिसायचं नाही.

एक विचारतो, रागावू नकोस. पोरगी ऐकू आली तरी तुला तिच्याशी बोलता येणार नाही. त्या यंत्राला कान आहेत, तोंड नाही. झेपेल तुला? नाही झेपलं तर बंद कर आणि मला लिही.

तुझा
हार्लन

——

कॉर्लिस
५ नोव्हेंबर १९९७

प्रिय हार्लनदादा,
स. न. वि. वि.

काळाच घेतला. तू सांगितल्यासारखा फडताळावर, खिडकीच्या कडेला उभा केला. पहिल्या मंगळवारी कुणी भलताच पुरुष बोलला. शुक्रवारी तीनला दहा कमी असताना कोरिन आली. गाडीचा नंबर, ठिकाणाचं नाव, सिग्नल हिरवा. एवढंच. सर्दी झाल्यासारखा आवाज होता. मी हातातली बशी ठेवायचीही विसरले. दादा, ती गेल्यावर मी खुळ्यासारखी त्या यंत्राला म्हणाले, जेवलीस का गं?

दोन आठवडे असे गेले. काल ओपल माझं भांडं परत द्यायला मागच्या दाराने आली. मला बंद करायला सुचलंच नाही. कोरिनने सिग्नल पुकारला आणि ओपलने तो आवाज ओळखला. लहानपणी पोर निम्मा वेळ तिच्याच अंगणात असायची, ओळखणार नाही तर काय.

मला वाटलं आता ही भांडं फेकून निघून जाईल. ती खुर्ची ओढून बसली. कधीपासून ऐकतेस, एवढंच विचारलं. गाडीची शिट्टी खिडकीतून आणि यंत्रातून, दोन्हीकडून आली. त्यानंतर ओपल म्हणाली की सगळे मला सांगतात, वर्नन लगेच गेला, त्याला त्रास झाला नाही. पण ते कुणी पाहिलं नव्हतं, कोरिनने पाहिलंय. तेव्हा तिला विचार की शेवटी तो कसा होता. घाबरला होता का?

काय करू? पोरीला हे विचारणं म्हणजे तिला पुन्हा त्या फाटकापाशी उभं करणं. आणि ओपलला नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. काल संध्याकाळी कोरिनला लिहिलं. मी ऐकते तेही लिहून टाकलं. चुकले असेन तर सांग, पण पत्र पेटीत पडलंय.

जिवाला जप. मला आता तूच आहेस.

तुझी
लिओटा

——

अलायन्स
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय आई,
सा. न.

तुझं पत्र आठ दिवस जेवणाच्या डब्यात घेऊन फिरते आहे.

तू ऐकतेस हे मला माहीत नव्हतं. सिग्नल पुकारताना माझा आवाज थरथरत नाही, कारण ते शब्द ठरलेले असतात. बाकी कुणाशी बोलायला गेले की थरथरतो, म्हणून मी फोन घेत नाही. तुझ्यावर राग नाही गं. ओपलकाकूच्या दारावरून तुझ्या दारात यायची हिंमत नाही.

तिने विचारलंय, तर सांगते. हे मी चौकशीतही सगळं सांगितलं नाही. मी शिट्टी धरून ठेवली होती, ब्रेक मारले होते, पण आमची गाडी थांबायला मैलभर घेते. अगदी शेवटी वर्ननकाकाने वर पाहिलं. तो किंचाळला नाही, स्टिअरिंगही फिरवलं नाही. त्याचा उजवा हात शेजारच्या सीटपुढे आडवा गेला. शेजारचं माणूस पुढे आपटू नये म्हणून आपण धरतो ना, तसा. म्हणून मला वाटलं की मोटारीत ओपलकाकूही आहे. आमची गाडी थांबल्यावर मी धावत मागे गेले आणि मक्याच्या शेतात तिला हाका मारत अर्धा तास शोधत होते. शेवटी शेरीफच्या माणसाने मला दंडाला धरून सांगितलं, की आम्ही घरी फोन केलाय, त्या घरीच आहेत.

तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला कळेनासं झालंय.

आणखी एक. एक डिसेंबरपासून मी लिंकनच्या यार्डात जाते आहे. तिथे डबे इकडून तिकडे जोडायचे, वाटेत फाटक नाही. कॉर्लिसवरून माझी गाडी पंचवीस तारखेच्या मंगळवारी शेवटची. त्यानंतर मी तुला ऐकू येणार नाही. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी
कोरिन

——

कॉर्लिस
२८ नोव्हेंबर १९९७

प्रिय हार्लनदादा,
स. न. वि. वि.

कालचा थँक्सगिव्हिंगचा सण एका माणसाचा झाला. टर्की केली नाही, सूप प्यायले.

कोरिनचं पत्र मी दोन दिवस उशाशी ठेवलं, मग उचलून ओपलकडे घेऊन गेले. तिने ते उभ्यानेच वाचलं. मला विचारलं, कुठला हात? मी म्हटलं, उजवा, लिहिलंय बघ. त्यावर ती म्हणाली की एकोणचाळीस वर्षं तो असाच हात मारायचा. जरा ब्रेक दाबला की हिच्या छातीवर फटका. ही दर वेळी खेकसायची, मेल्या, मी काय अंड्यांची टोपली आहे? त्या दिवशी हिला जर्दाळूचा मुरांबा घालायचा होता, म्हणून ही गेली नाही. एवढं सांगून तिने पत्राची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. परत दिलं नाही, मीही मागितलं नाही. दारापर्यंत मला पोचवायला आली. आम्ही दोघी पायरीवरच बसलो. ती रडली, दादा, जुलैत रडली नव्हती तशी.

मंगळवारी ती अडीचलाच माझ्याकडे आली. कॉफी ओतली पण कुणी प्यायलं नाही. कोरिनने सिग्नल पुकारला, रोजच्याच शब्दांत, कमी नाही जास्त नाही. शेवटची गाडी म्हणून काही बोलेल असं मला उगाच वाटत होतं. मी खिडकीशी गेले, पण झाडांच्या वर नुसता धूर दिसला. मागून ओपल म्हणाली, पोरगी फार दमलीय गं. तिला लिही, की माझं दार चुकवायला नको, सरळ रस्त्याने यावं. तीही तिच्याकडून चार ओळी घालणार होती. कागद पुढे घेऊन बसली, पण कोरिनच्या नावापुढे तिला काही लिहिता आलं नाही. तो तसाच कागद मी पाकिटात घातला.

पत्र परवा टाकलं. कोरिनचं अजून काही आलेलं नाही.

तुझी
लिओटा