वाऱ्याच्या रस्त्याने सॅन फ्रान्सिस्को

आबा, तुमची सून गेल्या आठवड्यात एकटी अमेरिकेला गेली. तुमच्या नातीचं पहिलं बाळंतपण. आपल्यात ते माहेरी करायचं, पण तिला येता येईना, म्हणून माहेरच डिंकाच्या लाडवांसकट तिकडे धाडलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. हा आकडा मी कोणाला विचारला नाही. माझ्या दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायची तांब्याची बारीक तार पृथ्वीच्या गोलावर ताणून धरली, मोजली, हिशेब मांडला. दहावी नापास माणसाचं उत्तर बरोबर निघालं. तार मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, बर्फावरून जात होती.

विमान पहाटे उडालं आणि थोड्याच वेळात पोरीचा फोन. "पप्पा, कळा सुरू झाल्या, दवाखान्यात निघालोय. मम्मी पोचेल ना?" दिवस अजून भरले नव्हते. मोबाईलवर विमानाचा ठिपका शोधला, तर तो उत्तर सोडून पूर्वेला, चीनकडे चाललेला. माझं डोकंच फिरलं. पोर तिकडे कळा सोसतेय आणि हे विमान वळसा घालतंय!

मग तुम्ही आठवलात. स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी चुरताय, बाहेर केळ्यांनी भरलेला तुमचा ट्रक उभा, दिल्लीला निघायचंय. मी नवा नकाशा तुमच्या ताटाशेजारी पसरतो. जळगावहून बऱ्हाणपूरमार्गे इंदूर जवळ पडतं, तुम्ही दर खेपेला उलटे धुळ्याला का जाता? आई चुलीपुढून म्हणते, "धुयाले बहीनना हातना चहा पेवाना शे, दुसरं काय!" तुम्ही हसता. "आरे येडा, केळं काय नकाशा वाचस का? त्याले फक्त वखत समजस." धुळ्यावरून जाणारा आग्रा रोड लांबचा, पण भरलेली गाडी तिथे अडत नाही, एवढं सांगून तुम्ही ताट सरकवता.

मी शोधून वाचलं. विमान उडतं तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो, एक्सप्रेस गाडीच्या वेगाने, अख्खा समुद्र ओलांडून. पायलट विमान त्या वाऱ्यात नेऊन घालतो. आकाशात आग्रा रोड आहे, आबा! डांबर नाही, ढाबा नाही, मैलाचा दगड नाही, तरी माणसाला तो सापडलाय. पहाटे निघालेली तुमची सून सोळा तास उडून त्याच तारखेला, तिकडच्या सकाळी उतरली. हे मी कागदावर तीनदा मांडलं, गणित चोख आहे, तरी अंगावर काटा येतो.

ती पोचली तेव्हा पोर अजून कळाच सोसत होती. आईचा हात धरून बाळंत झाली. मुलगी झाली.

आता सगळे म्हणतात, पप्पांनी शेवटपर्यंत विमानाचा हिशेब दिला म्हणून तिला धीर आला. ती फोनवर विचारायची, "कुठपर्यंत आली?" मी म्हणायचो, "जपान मागे पडलं." मग, "अर्धा समुद्र झाला." "मम्मीला सांगा, मी थांबवून धरलंय," असं म्हणून ती हसायची. आबा, समुद्रावर गेल्यावर तो ठिपका नाहीसाच झाला होता. कित्येक तास मला काही दिसत नव्हतं. मोजल्याशिवाय तोंड न उघडणारा मी, ती सगळी ठिकाणं मनानेच सांगत होतो. घरात हे कोणाला माहीत नाही. हा कागद तुमच्या फोटोमागे राहणार, कुठे जायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.